आजार रेड्याला, औषध पखालीला

'सुधारणा' हा शब्द मराठीत मोठ्या कष्टाने प्रतिष्ठेस चढला. आगरकरांनी १८८८ साली आपल्या पत्रास 'सुधारक' हे नाव दिले त्या काळी या शब्दाबरोबर एक अट आपोआपच येत असे. जे सुधारावयाचे त्याची आधी परीक्षा झाली पाहिजे. दोष कोठे आहे, तो कशामुळे आला, काय ठेवावयाचे आणि काय टाकावयाचे, याचा निर्णय झाल्यावाचून हात घालावयाचा नाही, ही ती अट. आज त्या शब्दाच्या जागी 'अपग्रेड' हा पाहुणा येऊन बसला आहे, आणि येताना ती अट तो उंबरठ्याबाहेर ठेवून आला आहे. अपग्रेड करण्यास परीक्षा लागत नाही, पैसे लागतात. या शब्दाच्या राज्यात काय चालले आहे याचे एक लहानसे, परंतु बोलके उदाहरण म्हणजे जुन्या मोटारसायकलींचे कार्बुरेटर बदलण्याचे वेड. त्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

विषय गॅरेजातला, मग तो साहित्याच्या मासिकात कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आज कितीतरी सुशिक्षित घरांच्या जिन्याखाली वडिलांची किंवा आजोबांची एखादी बुलेट, जावा अथवा येझ्दी धूळ खात उभी आहे. नोकरीत स्थिरावलेला मुलगा एके दिवशी ती बाहेर काढतो. येथपर्यंत सर्व कौतुकास्पदच आहे. पुढे मात्र बहुधा एकच कथा घडते. गाडी नीट सुरू होत नाही, झाली तर उभ्या उभ्या बंद पडते, वेग घेताना अडखळते. आणि चार मित्र व एक दुकानदार मिळून निर्णय देतात की, 'कार्बुरेटर जुना झाला, मोठा बसवा.' जुना कार्बुरेटर काढला जातो, त्याहून रुंद तोंडाचा, चकचकीत, कधी कधी नामांकित जपानी नाव बनावट कोरलेला असा नवा बसविला जातो, आणि जुना भंगारात जातो. आमचे म्हणणे असे की, दहांतील आठ-नऊ वेळा हा न्याय चुकीच्या आरोपीस शिक्षा करणारा असतो.

ज्यांस यंत्राचा परिचय नाही अशा वाचकांसाठी थोडे मुळापासून सांगितले पाहिजे. पेट्रोल हे द्रवरूपात इंजिनाच्या उपयोगाचे नाही. त्याचा सूक्ष्म तुषार करून तो ठराविक प्रमाणात हवेत मिसळावा लागतो. हे काम कार्बुरेटर करतो. फवाऱ्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या कार्बुरेटराचे पेटंट हंगेरीतील बांकी व चोंका या दोघांनी १८९३ साली घेतले, आणि जर्मनीत मायबाखनेही त्याच सुमारास तेच तत्त्व साधले. इंग्लंडात तीन जुन्या कंपन्यांच्या मिलाफातून १९२७ साली 'अमल' ही कंपनी निघाली व तिचे कार्बुरेटर ब्रिटिश मोटारसायकलींवर सर्वत्र दिसू लागले. रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कंपनीच्या सहकार्याने मद्रासेस १९५५ साली एनफिल्ड इंडिया स्थापन झाली. इंग्लंडातील मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, पण बिडाच्या सिलिंडरची बुलेट आपल्याकडे पुढे कित्येक दशके तयार होत राहिली. सत्तर मिलिमीटर व्यासाचे सिलिंडर, त्यात नव्वद मिलिमीटर वर-खाली होणारा पिस्टन, एकूण ३४६ घन सेंटिमीटर आणि सुमारे १८ अश्वशक्ती, असा तिचा संसार. तिच्यावर आधी अमलचा व नंतर जपानी मिकुनी पद्धतीचा 'मिककार्ब' कार्बुरेटर बसत असे. ३५० च्या गाडीवरील मिककार्बचा व्यास २४ मिलिमीटर होता.

हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण सर्व भांडण त्याच्यावरच आहे. अपग्रेडवाल्यांचे तर्कशास्त्र असे : तोंड मोठे म्हणजे हवा जास्त, हवा जास्त म्हणजे शक्ती जास्त. हे तर्कशास्त्र ज्यांस पटते त्यांनी आपल्या आजीस एक प्रश्न विचारावा. चूल फुंकावयाची फुंकणी अरुंद का असते? त्याच श्वासाने रुंद बांबूतून फुंकले तर निखारा का पेटत नाही? आजी भौतिकशास्त्र शिकलेली नसेल, पण अरुंद वाटेने गेलेला वारा वेगवान असतो, हे तिला ठाऊक आहे. कार्बुरेटराचे सर्व सामर्थ्य याच गोष्टीत आहे. हवा गळ्यातून वेगाने जाते, त्या वेगामुळे तेथील दाब कमी होतो, आणि खालच्या वाटीतील पेट्रोल जेटमधून वर ओढले जाऊन त्याचे तुषार होतात. वेग कमी तर ओढ कमी, आणि तुषारांच्या जागी थेंब. आता २४ च्या जागी २८ मिलिमीटरचा कार्बुरेटर बसविला की मार्गाचे क्षेत्रफळ शेकडा ३६ ने वाढते. गळा पूर्ण उघडला असता, इंजिनाच्या फेऱ्या तेवढ्याच राहिल्या तर, त्यातून जाणाऱ्या हवेचा वेग चौथाईहून अधिक घटतो. म्हणजे शहरातील रस्त्यावर, मंद गतीत, एकाएकी मूठ पिळली असता गाडी जी आचका देते, तो या कमी झालेल्या ओढीचा परिणाम. ज्या अडखळण्यावर उपाय म्हणून मोठा कार्बुरेटर आणला, तेच अडखळणे त्याने घरात कायमचे ठेवून घेतले!

मोठ्या तोंडाचा फायदा होतच नाही असे आम्ही म्हणत नाही. पाचशेच्या बुलेटवर २८ चाच कार्बुरेटर होता व तो तिला योग्य होता. शर्यतीच्या गाडीत व्हॉल्व्ह, कॅम, सिलिंडरची हवेची वाट, सायलेन्सर, सर्वच बदललेले असते, आणि ती नेहमी वरच्या फेऱ्यांत पळते. तेथे मोठे तोंड शोभते. परंतु साडेसहास एक इतक्या सौम्य दाबावर चालणाऱ्या घरगुती इंजिनाचे बाकी सर्व तसेच ठेवून केवळ कार्बुरेटर वाढविणे म्हणजे पोहऱ्याचे तोंड रुंद केल्याने विहिरीचे पाणी वाढेल अशी आशा करणे होय.

मग मूळ तक्रारीचे काय? गाडी तर खरोखरच अडखळत होती! होती, परंतु अडखळण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांतील बरीचशी कार्बुरेटराबाहेर राहतात. ठिणगी पाडणारे पॉइंट झिजलेले किंवा त्यांचे अंतर चुकलेले, ठिणगीची वेळ मागे-पुढे झालेली, प्लग निकामी, टॅपेट घट्ट, हवेची गाळणी वर्षानुवर्षांच्या धुळीने कोंदलेली, टाकीतील गंज नळीत उतरलेला. टिळक आणि आगरकर यांच्या काळी 'आधी राजकीय की आधी सामाजिक' असा वाद झाला होता. त्याचा निकाल अद्याप कोणी लावावयाचा तो लावो, पण मोटारसायकलीपुरता निकाल निश्चित आहे. आधी ठिणगी, मग पेट्रोल. ठिणगी शुद्ध झाल्यावाचून कार्बुरेटरास हात लावणे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

ठिणगी निर्दोष ठरल्यावरही कार्बुरेटर बदलण्यापूर्वी त्याची चौकशी व्हावयास हवी. कार्बुरेटर आणि इंजिन यांच्या जोडातून चोरटी हवा शिरत असेल तर मिश्रण पातळ होते. जोडावर तेलाचे दोन थेंब सोडले असता इंजिनाचा आवाज बदलला की चोर सापडला. पुष्कळदा ही फट आपणच निर्माण केलेली असते : नट वाजवीपेक्षा अधिक आवळल्याने कार्बुरेटराची मऊ धातूची बैठक वाकते, आणि मग जितके आवळावे तितकी हवा अधिक शिरते. फ्लोटची उंची चुकली तर वाटीतील पेट्रोलची पातळी चुकते, आणि पातळी चुकली की सर्व जेट एकदम खोटे बोलू लागतात. मंद गतीच्या जेटचे छिद्र तर केसाइतके बारीक. कित्येक वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत वाळलेल्या पेट्रोलचा राळेसारखा थर त्यास हमखास बुजवितो.

हे सर्व झाल्यावर जुळणी करावयाची, म्हणजे ज्यास आपण ट्युनिंग म्हणतो ते. तिला एक क्रम आहे, आणि तो क्रमच तिचे शास्त्र आहे. मूठ जवळजवळ बंद असता मंद गतीचा जेट व हवेचा स्क्रू यांचे राज्य; अष्टमांशापासून चौथाईपर्यंत स्लाइडच्या कापलेल्या कडेचे; चौथाईपासून पाऊण भागापर्यंत निमुळत्या सुईचे; आणि त्यापुढे मुख्य जेटचे. ज्या टप्प्यावर गाडी अडखळते त्या टप्प्याच्या अधिकाऱ्यास जाब विचारावयाचा. अमलच्या पद्धतीत प्रथम मुख्य जेट ठरवावयाचा, मग मंद गती, मग स्लाइड, मग सुई, आणि शेवटी पुन्हा एकवार मंद गती. हवेचा स्क्रू आत फिरविला की हवा कमी होऊन मिश्रण गाढ होते, बाहेर फिरविला की पातळ; हे उलटे समजून त्यास पेट्रोलचा स्क्रू मानणारे 'तज्ज्ञ' गल्लोगल्ली आहेत. प्रत्येक बदलानंतर गाडी चालवून प्लग काढून पाहावयाचा : काजळी धरलेला म्हणजे मिश्रण गाढ, पांढराफटक म्हणजे पातळ, फिकट तपकिरी म्हणजे ठीक. एका वेळी एकच बदल, आणि तो कागदावर टिपलेला. यात मंत्र नाही, जन्मजात देणगी नाही. यास एक सकाळ, एक शांत डोके आणि ऐकणारा कान लागतो.

येथे एक युक्तिवाद ठेवणीतला म्हणून पुढे केला जातो. 'तुमचे शास्त्र राहू द्या. अमक्याने नवा कार्बुरेटर बसविला आणि गाडी लोण्यासारखी चालू लागली, हे प्रत्यक्ष आहे.' प्रत्यक्ष आम्हांसही मान्य आहे, त्याची कारणमीमांसा मान्य नाही. नवा कार्बुरेटर बसविताना जोडाचे गॅस्केट नवे आले, म्हणून चोरटी हवा थांबली. पेट्रोलची नळी नवी आली, म्हणून गंज थांबला. मंद गतीचा जेट कोरा करकरीत, म्हणून छिद्र मोकळे. आणि हात लावलाच आहे म्हणून कारागिराने पॉइंटही घासले व प्लगही बदलला. इतकी कामे एकदम झाल्यावर जो गुण आला त्याचे श्रेय सर्वांत महाग वस्तूस देणे हा आपला जुना स्वभाव आहे. तीच कामे जुन्या कार्बुरेटरावर केली असती तर काय झाले असते, हे पाहण्याची संधीच कोणी ठेविली नाही, कारण तो भंगारात गेला होता.

आता या वेडाचे मूळ कोठे आहे ते पाहू. दुकानदारास दोष देणे सोपे आहे. परंतु विकणारा विकतो ते घेणाऱ्याच्या स्वभावाकडे पाहून. कारागीर दोष शोधण्यात चार तास घालवितो, मंद गतीच्या जेटमधील एक कण काढतो, आणि चार तासांची मजुरी मागतो. तेव्हा आपला सुशिक्षित गृहस्थ काय म्हणतो? 'एवढेच ना केले? एक कण काढण्याचे इतके पैसे?' उलट तोच कारागीर अर्ध्या तासात नवा कार्बुरेटर बसवून त्याच्या कितीतरी पट रकमेचे बिल देतो, तेव्हा हाच गृहस्थ ते मुकाट्याने चुकते करतो, कारण पैशाच्या बदल्यात हातात ठेवता येईल असे काहीतरी त्यास मिळाले. वस्तूचे मोल त्यास कळते, ज्ञानाचे कळत नाही. आणि हा गृहस्थ स्वतः ज्ञानावरच पोट भरतो, ही त्यातील खरी गंमत! वकिलाने एका वाक्याचा सल्ला दिला तर त्यास 'एवढेच ना बोललात?' असे तो म्हणत नाही. डॉक्टरांनी औषध न देता 'काही झालेले नाही' असे सांगितले तरी त्यांची फी तो देतो. काळ्या हाताच्या माणसापुढे उभा राहिला की मात्र त्याच्या मनातील जुनी उतरंड जागी होते.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. ज्या कारागिरास निदानाची मजुरी मिळत नाही आणि वस्तूवर दलाली मिळते, तो निदान कशाला करील? त्याने सुटे भाग बदलण्याचा धंदा पत्करला. त्याच्या हाताखालचा मुलगा बदलणेच शिकला, जुळविणे शिकला नाही. आणि ज्यास ही जुळणी येते असा म्हातारा फिटर एखाद्या गल्लीत दिवसभर बाकावर बसून असतो. शिवाय या विद्येचा काळही संपत आला आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, आणि त्यांबरोबर बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बुरेटर जाऊन पेट्रोल मोजण्याचे काम विद्युत्‌यंत्रणेकडे गेले. तो बदल धुराच्या दृष्टीने इष्टच होता. त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. परंतु यापुढे ही विद्या शिकण्याचे साधन म्हणून ज्या जुन्या गाड्या उरल्या, त्यांच्यावरही ती वापरावयाची नाही असे ठरविले, तर ती एका पिढीत नाहीशी होईल, हे समजून असावे.

आमचे हे म्हणणे वाचून एक वर्ग संतुष्ट होईल, आणि त्या वर्गाचा संतोष आम्हांस नको आहे. हे शुद्धतावादी लोक. गाडीवरील प्रत्येक स्क्रू कारखान्यातून आला तसाच असला पाहिजे, कारखान्याने दिलेला जेटचा आकडा म्हणजे वेदवाक्य, असे त्यांचे मत. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यांत वाहन मूळ रूपात असावे, सांगाडा, बांधणी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अपेक्षा आहे. ती योग्यच आहे. परंतु मूळ रूप राखणे वेगळे आणि मूळ आकडा राखणे वेगळे. ज्या हवेसाठी व ज्या पेट्रोलसाठी तो आकडा ठरला, ती हवा व ते पेट्रोल कायम असेल तरच तो आकडा खरा. मुंबईस जुळविलेली गाडी महाबळेश्वरास, म्हणजे सुमारे १३७० मीटर उंचीवर नेली, की हवा जवळजवळ अष्टमांशाने विरळ होते आणि तेच जेट गाढ मिश्रण देऊ लागतात.

आणि पेट्रोल तर खरोखरच बदलले आहे! २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आपल्याकडे विक्रीस येऊ लागले व २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलच्या एका भागास सुमारे ९ भागच पुरते. म्हणून जुन्या पेट्रोलसाठी जुळविलेला कार्बुरेटर नव्या मिश्रणावर सुमारे सात-आठ टक्क्यांनी पातळ चालतो. गाडी तापते, मूठ सोडली की सायलेन्सरात फटाके वाजतात, प्लग पांढरा पडतो. आणि ज्याचे मिश्रण आधीच पातळ होते त्याच्या पिस्टनवर प्रसंग ओढवतो. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, जुन्या रबराचे काही प्रकार फुगविते, आणि दीर्घकाळ उभ्या गाडीच्या वाटीत गंज धरविते. म्हणजे आज जुन्या मोटारसायकलीच्या कार्बुरेटरात फेरफार करण्यास एक खरेखुरे, तातडीचे कारण आहे. त्यावर उपाय कोणता? मुख्य जेट एक-दोन पायऱ्यांनी मोठा, सुई एक खाच वर, मंद गतीची फेरजुळणी, इथेनॉलला टिकणारी नळी व वॉशर, आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवावयाची असल्यास वाटी रिकामी करणे. नव्या कार्बुरेटराच्या मानाने हा खर्च नगण्य आहे. पण येथे मौज पाहा. जे अपग्रेडवाले शक्तीसाठी मोठा कार्बुरेटर आणतात ते या प्रश्नाकडे पाहतही नाहीत, कारण त्याचे उत्तर विकत मिळत नाही. आणि शुद्धतावादी पाहत नाहीत, कारण त्याचे उत्तर पोथीत नाही. दोघांच्या मध्ये गाडी मात्र तापत उभी.

कार्बुरेटर कधीच बदलू नये, असा याचा अर्थ कोणी करू नये. अमल असो, जावावरील यिकोव्ह असो वा मिककार्ब, धातू शेवटी झिजते. स्लाइड आपल्या खोबणीत खडखडू लागली, तिच्या कडेने हवा जाऊ लागली, बैठक सरळ करण्यापलीकडे वाकली, म्हणजे त्याचे आयुष्य संपले असे समजावे आणि त्याच मापाचा, खऱ्या बनावटीचा नवा आणावा. अमलचे जुने नमुने इंग्लंडात आजही नव्याने तयार होतात. परंतु हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे; आणि बदलला तरी जुळणी टळत नाही, कारण नवा कार्बुरेटरही कोणत्या इंजिनावर, कोणत्या हवेत व कोणत्या पेट्रोलवर आपण बसलो आहोत, हे जाणून येत नाही.

तात्पर्य, ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी तीन गोष्टी कराव्या. दोष कोठे आहे हे कारागिराकडून शब्दांत वदवून घेतल्यावाचून कोणताही भाग बदलू देऊ नये. निदानाची मजुरी वेगळी ठरवावी आणि ती घासाघीस न करता द्यावी, मग शेवटी केवळ एक कण निघाला तरी हरकत नाही. आणि घरातील मुलास त्या सकाळी शेजारी उभे करावे. काढलेला जुना भाग भंगारात न देता घरी आणावा. एवढे झाले तर जिन्याखालची मोटारसायकल तर चालेलच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, हाताच्या ज्ञानास पैसे देण्याची सवय आपल्या सुशिक्षित वर्गास लागेल. ही सवय आपल्या घरांत आली तर तिला सुधारणा म्हणण्यास आमची हरकत नाही.